मानसशास्त्र घेतलेल्या पोरांसाठी: फायलीत काय लावायचं, वहीत काय लिहायचं

मागच्या सत्रात टी.वाय.ची एक मुलगी स्टाफरूममध्ये आली. हातात निळी प्लॅस्टिकची फाईल. "मॅडम, बायोडेटाला लावायला एवढं बास होतंय का बघा." मी पानं मोजली. तेवीस सर्टिफिकेटं. 'बॉडी लँग्वेज', 'दोन दिवसांत बालमानसशास्त्र', एक तर 'क्रिमिनल माइंड' नावाचं, सोनेरी किनारीचं. बहुतेक सगळी मोबाइलवर बसून, नव्व्याण्णव रुपयांपासून दीड हजारापर्यंत पैसे भरून मिळवलेली. मी विचारलं, "अनोळखी माणसासमोर अर्धा तास गप्प बसून त्याचं ऐकलंयस का कधी?" ती म्हणाली, "तसं कुठं मिळणार मॅडम?"

त्या 'कुठं'चं उत्तर मधल्या सुट्टीत देऊन होईना, म्हणून हे लिहायला बसले. मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही, हे आधीच सांगते. एम.ए. झाल्यावर एम.फिल.च्या प्रवेश परीक्षेला तीनदा बसले आणि तिन्ही वेळा राहिले. मग चार वर्षं एका ग्रामीण रुग्णालयातल्या एचआयव्ही तपासणी केंद्रात समुपदेशक होते. त्यानंतर सेट, म्हणजे प्राध्यापकीची राज्य पात्रता परीक्षा, निघाली आणि शिकवायला लागले. त्यातली पहिली सात वर्षं तासिका तत्त्वावर. तेव्हा पुढं जे सांगते ते बरंचसं स्वतः आपटून शिकलेलं आहे.

आधी पाटीवर काय लिहायचं ते ठरवा

पोरं सायकॉलॉजिस्ट आणि काउन्सेलर हे शब्द एकाच अर्थानं वापरतात. कायदा तसं धरत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आपण जिला आरसीआय म्हणतो तिच्या, केंद्रीय नोंदवहीत तुमचं नाव आणि नंबर लागतो. १९९२ च्या कायद्यानुसार नोंदणीशिवाय असं काम केलं तर एक वर्षापर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाचा आकडा सांगितला की वर्गात हमखास कुणीतरी हसतं. कैदेचं ऐकू आलेलं नसतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातली क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची व्याख्याही आरसीआयच्या मान्यतेलाच बांधलेली आहे. नुसत्या एम.ए.वर, सुवर्णपदक असलं तरी, ती पाटी लावता येत नाही.

वाट आजवर अशी होती: रेग्युलर एम.ए., त्यात ५५ टक्के, मग रुग्णालयाला जोडलेली दोन वर्षांची पूर्णवेळ एम.फिल. नवीन शैक्षणिक धोरणानं एम.फिल. ही पदवीच मोडीत काढली. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०२५-२६ च्या प्रवेशांपर्यंत मुदत वाढवून दिली. दरम्यान आरसीआयनं चार वर्षांचं बी.एस्सी. ऑनर्स आणि दोन वर्षांचं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी असे नवे अभ्यासक्रम आणले, साय.डी. ही व्यावसायिक डॉक्टरेटही आहे. त्यामुळं तीन वर्षांपूर्वी पास झालेल्या ताईनं सांगितलेली वाट जशीच्या तशी धरू नका. तिचं चुकलं नव्हतं, तेव्हा रस्ता तिकडूनच जात होता.

दूरस्थ शिक्षणाचंही तसंच. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला यूजीसीनं मनाई केली आहे. घरी बसून कुणी पोहायला शिकत नाही, त्यामुळं कारण मला पटतं. पण लग्न होऊन गेलेल्या, सासरी स्वयंपाक आवरून रात्री अभ्यास करणाऱ्या माझ्या चार-पाच मुलींना एम.ए.चा तेवढाच दरवाजा होता, हेही खरं. अजूनही कुणी 'घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी'ची जाहिरात पाठवली तर पैसे भरण्याआधी दहा वेळा विचार करा.

कुठल्याही संस्थेला फी देण्याआधी मी मुलांना एक काम लावते. आरसीआयच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिच्यात संस्थेचं नाव शोधायचं, मग नेमका तोच अभ्यासक्रम शोधायचा, मग मान्यता कुठल्या वर्षापर्यंत आहे आणि जागा किती आहेत ते बघायचं. या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा. माझ्या एका विद्यार्थ्यानं यातलं पहिलंच केलं. संस्थेचं नाव यादीत होतं, म्हणून साठ हजार भरले. मान्यता होती ती विशेष शिक्षकांच्या पदविकेला. त्यानं घेतलेल्या समुपदेशनाच्या कोर्सला कुणाचीच नव्हती. माहितीपत्रकावर 'आरसीआयमान्य संस्था' असं छापलेलं आणि ते अक्षरशः खरं होतं. तक्रार करायलाही जागा राहिली नाही.

समुपदेशकांसाठी इतकी वर्षं असं एकच लायसन्स नव्हतं. आता २०२१ चा संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा आला आहे आणि त्याच्या परिशिष्टात मानसशास्त्रज्ञ, एवढंच काय एचआयव्ही समुपदेशकसुद्धा आहेत. तिकडं लक्ष ठेवा. तुमच्या पिढीला कुठल्या ना कुठल्या नोंदवहीत नाव घालावं लागेल असंच दिसतंय, आणि तेव्हा पदवी कुठून, प्रत्यक्ष काम किती आणि कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारलं जाईल. सोनेरी किनारीला कुणी विचारणार नाही.

एस.वाय.च्या शेवटी एवढं एकच ठरवा: लायसन्सच्या वाटेनं जायचंय की नाही. जायचं असेल तर बंगळूरचं निमहान्स, रांचीची १९१८ पासूनची केंद्रीय मनोरुग्ण संस्था, अशा ठिकाणांच्या प्रवेश परीक्षांची माहिती एम.ए.च्या पहिल्याच वर्षी काढा. सरकारी संस्थांत फी कमी असते, पण जागा बोटांवर मोजण्याइतक्या. मी दुसऱ्या वर्षाचा निकाल लागल्यावर चौकशीला लागले. पहिली फेरी तिथंच हुकली.

वाचायचं कुठून

आमच्याकडं निम्म्याहून जास्त मुलं मराठी माध्यमाची. एम.ए.ला इंग्रजी पुस्तक उघडलं की पहिल्या परिच्छेदात दम लागतो. मग बाजारातल्या गाईडकडं धाव. गाईड वापरू नका असं मी म्हणत नाही; परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मीही वापरलंय. पण त्याच्या आधी फुकट आणि चांगलं असं बरंच पडलेलं आहे.

पाया कच्चा असेल तर लाज न बाळगता बालभारतीची अकरावी-बारावीची मानसशास्त्राची पुस्तकं काढा. मराठीत आहेत, ई-बालभारतीवर पीडीएफ मिळते. शेजारी एनसीईआरटीचं इंग्रजी पुस्तक उघडा आणि एकच प्रकरण दोन्हीकडं वाचा. एक दोनशेपानी वही घ्या, मधोमध रेघ मारा. डावीकडं अभिसंधान, उजवीकडं कंडिशनिंग. डावीकडं प्रबलन, उजवीकडं रीइन्फोर्समेंट. दोन महिन्यांत दोनेकशे शब्द होतात आणि इंग्रजी पुस्तकाची भीती निम्मी उतरते. अडलेल्या शब्दाला शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश आहेत, दोन्ही फोनवर उघडतात. विश्वकोशातल्या काही नोंदी जुन्या आहेत, पण संकल्पना मराठीत कशी मांडायची याचा तो वस्तुपाठ आहे. व्हायवाला मराठीत उत्तर देताना निम्मं वाक्य इंग्रजीत घसरतं ना, त्याला हेच औषध.

एम.ए.साठी इग्नूचं ई-ज्ञानकोश. नवे प्रवेश असोत नसोत, त्यांच्या एम.ए.च्या अभ्यासपुस्तिका तिथं आहेत. एमपीसी ००५ संशोधन पद्धती आणि एमपीसी ००६ संख्याशास्त्र, या दोन पुस्तिकांवर माझ्या किती बॅचा निघाल्या याचा हिशेब नाही. ई-पीजी पाठशालेतही मानसशास्त्राचे धडे आहेत. ते एकसारखे नाहीत, काही फार छान, काही नुसते मुद्दे.

शोधनिबंधांची अडचण वेगळी असते. हवा तो पेपर सापडतो आणि तीस-चाळीस डॉलर मागतो. गूगल स्कॉलरवर त्या पेपरच्या खाली 'सर्व आवृत्त्या' असं असतं, ते दाबा. बऱ्याचदा लेखकानं स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर प्रत ठेवलेली असते. नसेल तर लेखकाला चार ओळींची मेल टाका. आमच्या एका मुलानं परदेशातल्या प्राध्यापिकेला मेल टाकली, दुसऱ्या दिवशी तिनं पेपर तर पाठवलाच, वर विचारलं की तुमच्या गावात हा प्रयोग करताना काय वेगळं दिसलं ते कळवा. पोरगं आठवडाभर हवेत होतं. शिवाय जानेवारी २०२५ पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू आहे: ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं, सरकारी विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी. आपलं कॉलेज त्यात बसतं का हे ग्रंथपालांना विचारा. त्यांना माहीत नसेल तर तुमच्या विचारण्यानं होईल.

शोधगंगेवर मात्र वेळ काढून बसा. देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध तिथं आहेत, मराठीतलेही. मुलं प्रबंधाचा निष्कर्ष वाचून बंद करतात. मी सांगते, शेवटून उघडा. परिशिष्टात त्या संशोधकानं वापरलेल्या प्रश्नावल्या असतात, कधी मराठी भाषांतरासकट. 'आय फील ब्लू'सारखं वाक्य मराठीत कसं करायचं यावर कुणीतरी आधीच डोकं फोडलेलं असतं. ते बघून शिका. उचलून वापरू नका. मूळ चाचणीच्या हक्कदाराची परवानगी आणि त्या भाषांतराची विश्वसनीयता तपासली आहे का, हे दोन्ही बघावं लागतं.

चाचण्यांची पेटी

प्रत्येक विभागात एक लोखंडी कपाट असतं आणि त्याची किल्ली शिपायाकडं असते. आमच्या कपाटात आरसा-रेखनाचं यंत्र, म्युलर-लायरची पट्टी, रेव्हनच्या मॅट्रिसेस आणि भाटियांची बॅटरी, म्हणजे बुद्धिचाचण्यांचा संच, आहे. तिच्यातले दोन ठोकळे मी यायच्या आधीच हरवलेले. मुलं प्रॅक्टिकल उरकतात, जर्नल सीनियरचं बघून भरतात. जर्नलला मार्क असतात म्हणून मी फार बोलत नाही. पण एक गोष्ट प्रत्येकाकडून करून घेते: मॅन्युअल उघडून नॉर्म्स, म्हणजे ज्यांच्याशी गुण ताडून बघायचे ते आधी काढलेले आकडे, कुठल्या वर्षाचे, कुठल्या मुलांवरचे, ते पहिल्या पानावर लिहायचं.

यामागं कारण आहे, आणि ते आपल्या मातीतलंच आहे. बिने चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली ती डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी, १९३० च्या दशकात. तिलाच आपण बिने-कामत म्हणतो. वेक्सलरच्या मुलांच्या चाचणीचं भारतीय रूप, मिसिक, ते नागपूरच्या डॉ. मालिन यांनी १९६९ च्या सुमारास केलं. त्या काळात, त्या साधनांत केलेली ही कामं अफाट आहेत. पण अजूनही याच चाचण्यांवर मुलांचा बुद्ध्यंक काढला जातो. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या आकड्यांवरून दाखवलं की लोकांचे गुण दर दशकाला सुमारे ३ नं वर सरकत गेले आहेत. आपल्याकडं वेग नेमका तोच असेल असं नाही, पण जुन्या नॉर्म्सवर आजचं मूल मोजलं की आकडा फुगण्याचा धोका असतो, एवढं नक्की. आणि बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र, त्याच्यावर मिळणारी सवलत, पेन्शन, सगळं त्या आकड्याला टांगलेलं. ज्या आईला दोन गुणांनी प्रमाणपत्र नाकारलं जातं तिला 'मॅन्युअल जुनं होतं' हे कुणी सांगत नाही. तुम्ही उद्या त्या खुर्चीत बसणार असाल तर नॉर्म्सचं वर्ष बघायची सवय आत्ता लावा.

घरातल्या माणसांवर चाचण्या घ्यायचा मोह आवरा. सरावासाठी घेतलीच तर आधी सांगा की हा माझा अभ्यास आहे, निकाल मिळणार नाही, आणि खरंच देऊ नका. माझ्या एका विद्यार्थिनीनं मावशीची चिंता-चाचणी घेतली आणि जेवताना गुण सांगून टाकले. मावशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. आणि चाचणीच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. रोर्शाकच्या शाईच्या डागांची दहा कार्डं आधीच सगळीकडं फिरतायत, त्यात आपली भर कशाला.

उपकरणं नसतील तर रडत बसू नका. सायटूलकिट नावाचं फुकट संकेतस्थळ आहे, प्रतिक्रिया काल, स्ट्रूप असे प्रयोग ब्राउझरमध्येच चालतात. आम्ही स्ट्रूप आधी कागदावर केला. शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा: लाल शाईत 'हिरवा', निळ्या शाईत 'पिवळा', आणि तोच तक्ता इंग्रजी शब्दांचा. मराठी माध्यमाची पोरं मराठी तक्त्यावर जास्त अडखळली, इंग्रजीवर सरळ रंग सांगत गेली. शब्द आपोआप वाचला जातो म्हणजे काय हे त्या दिवशी मला शिकवावंच लागलं नाही. वर्गातल्या सोळा पोरांवरून सिद्ध काही होत नाही, पण दोघांनी तोच एम.ए.चा प्रकल्प म्हणून पुढं नेला.

संख्याशास्त्रासाठी कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरचं चोरीचं एसपीएसएस घेऊ नका. आमच्या लॅबच्या तीन मशीन त्याच पेनड्राइव्हनं झोपवल्या आणि एकीच्या प्रबंधाची फाईल गेली ती गेलीच. अॅमस्टरडॅम विद्यापीठाचं जास्प घ्या किंवा जामोवी. दोन्ही फुकट, टी-टेस्टपासून घटक विश्लेषणापर्यंत सगळं करतात. पण आधी एकदा, आयुष्यात एकदाच, दहा आकड्यांचं प्रमाण विचलन वहीत हातानं काढा. संदर्भांसाठी झोटेरो बसवा आणि संदर्भ लिहायच्या एपीए पद्धतीची सातवी आवृत्ती निवडा. प्रबंधाच्या शेवटच्या रात्री स्वल्पविराम शोधत बसायची वेळ येणार नाही.

पैसे घेऊन आठ दिवसांत पेपर छापून देणारी मासिकं तुम्हाला व्हॉट्सअॅपवर गाठतील. यूजीसीनं मान्य नियतकालिकांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यापासून 'यूजीसीमान्य' या शिक्क्याला तसाही अर्थ उरलेला नाही. तिथं छापण्यापेक्षा न छापलेलं बरं.

बसायला जागा कुठं मिळते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडं येते.

नव्या धोरणाच्या एम.ए.त ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचे क्रेडिट आहेत. बरीच मुलं ते ओळखीच्या माणसाच्या सहीशिक्क्यावर भागवतात. तुम्ही ते वसूल करा. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक असतं. ग्रामीण रुग्णालयांत एचआयव्ही समुपदेशन केंद्रं आहेत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं. संस्थांमध्ये पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीत, ठाण्याची मानसिक आरोग्यातली आयपीएच १९९० पासून, आमच्या साताऱ्यात व्यसनमुक्तीचं काम करणारी परिवर्तन, पुण्यात ज्ञानप्रबोधिनीची प्रज्ञा मानस संशोधिका, जिथं चाचण्या मराठीतून तयार करण्याचं काम चालत आलंय. प्रत्येक ठिकाणी प्रत्येक वेळी विद्यार्थी घेतातच असं नाही; आधी विचारा, मग जा.

जाता येण्यासारखं जवळ काही नसेल तर गोव्यातल्या संगाथची पुस्तिका उतरवून घ्या. ही संस्था १९९६ पासून आहे. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून नैराश्यावर आणि दारूच्या त्रासावर थोड्या भेटींचं समुपदेशन प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येतं का, हे त्यांनी तपासलं आणि २०१७ मध्ये ते निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. त्या दोन्ही उपचारांची मॅन्युअलं फुकट मिळतात. पहिल्या भेटीत काय बोलायचं, माणूस आलाच नाही तर काय करायचं, घरचे मध्ये बोलायला लागले तर काय, सगळं लिहिलंय. आमच्या पाठ्यपुस्तकांत बेकची नैराश्याची थिअरी असते, पण समोरचा 'मला काही नाही, बायकोनं आणलंय' म्हणाला तर पुढं काय हे नसतं. वर्गात दोघं-दोघं बसून त्याचा सराव करा.

अर्ज कसा करायचा ते सांगते, कारण निम्मी मुलं इथंच अडतात. मेल करू नका, किंवा नुसती मेल करू नका. एका पानाचा मराठी अर्ज, प्राचार्यांच्या सहीचं शिफारसपत्र, ओळखपत्राची झेरॉक्स. ओपीडीच्या गर्दीत जाऊ नका, दुपारी दोननंतर जा. 'इंटर्नशिप पाहिजे' असं म्हणू नका. आठवड्यातून कुठला दिवस, किती वाजेपर्यंत, किती महिने येऊ शकता ते सांगा आणि विचारा की कशात हात लावू. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्या. पंधरा दिवसांनी परत जा. सरकारी ठिकाणी तिसऱ्या फेरीला बहुतेक वेळा काहीतरी हलतं.

पहिला महिना रजिस्टर भरण्यात जातो, आणि जाऊ द्या. माझी एचआयव्ही केंद्रातली खोली म्हणजे औषधांच्या खोक्यांमागं टाकलेलं टेबल होतं. पहिल्या आठवड्यात एक ट्रकड्रायव्हर आला, रिपोर्ट घेतला आणि वीस मिनिटं खिडकीतून बाहेर बघत बसला. मी एम.ए.ला शिकलेलं सगळं बोलून टाकलं, सहानुभूती, आशा, औषधं, सगळं. तो म्हणाला, "ताई, जरा थांबा की." नंतरची चार वर्षं मी मुख्यतः तेच शिकत होते.

म्हणून वही. तारीख, किती तास, काय केलं, देखरेख कुणाची, आणि शेवटच्या ओळीत आज मला काय कळलं नाही. माणसाचं नाव, गाव, ओळख पटेल असं काहीही त्यात नको. वही एसटीत विसरली तरी कुणाचं काही उघडं पडायला नको. महिन्याच्या शेवटी देखरेख करणाऱ्यांची सही. दोन वर्षांनी मुलाखतीत 'अनुभव काय?' विचारतात तेव्हा मुलं 'वेबिनार' म्हणतात. तुम्ही वही पुढं ठेवा.

नेट, सेट आणि तासिका

नेट म्हणजे सेटसारखीच, पण देशपातळीवरची परीक्षा. तिच्यात मानसशास्त्राचा विषय क्रमांक ०४. पहिला पेपर ५० प्रश्न १०० गुण, दुसरा १०० प्रश्न २०० गुण, सलग तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. आमची मुलं दुसऱ्या पेपरला वर्षभर देतात आणि पहिल्याला आठवडा, आणि पडतात ती पहिल्यात. २०२४ पासून पीएच.डी.च्या प्रवेशालाही नेटचे गुण धरायला सुरुवात झाली, त्यामुळं प्राध्यापक व्हायचं नसलं तरी परीक्षा द्या. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं.

सेट निघाली म्हणजे नोकरी लागली असं मात्र घरी सांगू नका. माझे वडील गावभर पेढे वाटून आले होते. पुढची सात वर्षं मी दर जूनला मुलाखत देऊन, दर मार्चला मोकळी होत होते, आणि मानधन कधी दिवाळीला तर कधी दिवाळीनंतर यायचं. हे माहीत असून यायचं असेल तर या. वर्गात मजा आहे.

बाकीच्या वाटा थोडक्यात. शाळेत समुपदेशक म्हणून जागा निघतात, विशेषतः शहरांत. अपंग मुलांसोबत काम आवडत असेल तर विशेष शिक्षणातलं बी.एड. बघा, तिथंही आरसीआय नोंदणी मिळते. संशोधन प्रकल्पांत सहायक म्हणून मराठी बोलणारी, खेड्यात मुलाखती घेऊ शकणारी माणसं लागतात, आणि यात तुम्ही पुण्या-मुंबईच्या इंग्रजी पोरांच्या पुढं आहात. एचआरमध्ये जायचं तर औद्योगिक मानसशास्त्राचा पेपर घ्या आणि एक्सेल शिका.

पैशाचं: शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर, दरवर्षी नूतनीकरण विसरू नका. पीएच.डी.साठी बार्टी, सारथी आणि महाज्योतीच्या अधिछात्रवृत्त्या आहेत. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर आणि उत्पन्नाचा दाखला जाहिरात येण्याआधी काढून ठेवा. तहसीलमध्ये सर्व्हर बंद असतो तो नेमका शेवटच्या आठवड्यात.

अजून एक, जे अभ्यासक्रमात नाही. अपसामान्य मानसशास्त्राचं प्रकरण सुरू झालं की दर वर्षी दोन-तीन मुलं हळूच येऊन सांगतात, मॅडम, यातलं सगळं मला आहे. बहुतेकांना काही नसतं. एखाद्याला असतं. मी तुमची शिक्षक आहे, उपचार मी करू शकत नाही आणि मार्क देणाऱ्या माणसानं ते करूही नये. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, चोवीस तास, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. दुसऱ्याला देण्यासाठी म्हणून फोनमध्ये ठेवा, स्वतःला लागला तर लावा.

त्या मुलीची निळी फाईल अजून माझ्या टेबलावर आहे, न्यायला आलीच नाही. दर मंगळवारी सकाळी सातच्या एसटीनं ती साताऱ्याला जाते. वही मला दाखवली परवा. पहिल्या पानावर लिहिलंय: 'चार तास. केसपेपर शोधून दिले. एक आजी माझ्याशी बोलत राहिल्या, मी फक्त हं हं केलं. मध्ये त्या का रडल्या ते कळलं नाही.' खाली तिथल्या सायकॉलॉजिस्टची सही आणि बारीक अक्षरात: 'पुढच्या वेळी विचार.'